ओढायचा रंधा

मी फार्मासिस्ट आहे. नाशिकला इंदिरानगरात माझं छोटं मेडिकल आहे. 'अंगारा लावायचा तर लावा, पण गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका' असं लोकांना दिवसभर सांगणारी मी बाई. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी वाचत नाही असं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आवडीने वाचते, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एक कारण चिकटवून टाकते. झोप अपुरी होती... ताप असेल... वयस्कर माणसाला भास होतात... घरात मांजर असणार! माझा नवरा म्हणतो, तुला भूत दिसलं तरी तू आधी त्याचं बीपी बघशील.

त्यामुळे आज मी स्वतः लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय. पण जे घडलं ते भर दिवसा, लख्ख उजेडात, तीन माणसांच्या डोळ्यांसमोर घडलं. त्यातली एक मी. आणि मला अजून त्याला चिकटवायला कारण सापडलेलं नाही.

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय काहीच कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सुतार. मूळ गाव नांदगाव तालुक्यातलं. तरुणपणी नाशिकला आले आणि पेठ रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं. घरात सगळे त्याला 'कारखाना' म्हणायचे. कारखाना कसला... एक लांब ओटा, भिंतीला टेकवलेल्या सागाच्या फळ्या, खिळ्यांवर टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात रंध्याच्या छिलक्यांचा हा एवढा ढीग. शाळा सुटली की मी आणि माझा भाऊ प्रकाश थेट तिथे जायचो. प्रकाश त्या ढिगावर उड्या मारायचा. मी लांबलचक, गोल गोल गुंडाळलेले छिलके निवडून हातात बांगड्यांसारखे घालायचे. कानाला लावायचे. घरी आल्यावर आई वेणी सोडायला बसली की केसांतून भुसा पडायचा आणि ती ओरडायची, "आवो, पोरीला कारखान्यात नेता का गिरणीत?"

मला सगळ्यात आवडायचं ते सूत मारणं. म्हणजे असं — अण्णा दोरी गेरूच्या पाण्यात भिजवायचे, एक टोक मला फळीवर दाबून धरायला सांगायचे आणि दुसरं टोक स्वतः ताणायचे. "धर गच्च. हालायचं नाय." मी श्वाससुद्धा रोखून धरायचे. मग ते मधोमध दोरी चिमटीत उचलून सोडायचे... टण्ण! आणि फळीवर लालभडक सरळ रेघ. दर वेळी मला ती जादूच वाटायची. अण्णा म्हणायचे, "बघ, रेघ तू बी मारली अर्धी."

एवढा बोलका माणूस नव्हता तो. पण काम करताना तोंडातल्या तोंडात लाकडाशी बोलायचा. "ये... ये... आता कशी आली..." असं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. उजवा पाय थोडा सावरला, चार पायांच्या काठीवर घरात फिरण्यापुरता. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबायचा. मीच रोज तेल लावून व्यायाम द्यायचे, त्यामुळे मला त्या हाताचं वजन पक्कं ठाऊक आहे. जिवंत माणसाचा हात इतका जड असतो हे मला तेव्हा कळलं.

सुरुवातीला अण्णांनी प्रयत्न केले. चेंडू दाबायचा, पेला धरायचा... मग थंडी सुरू झाली आणि हळूहळू त्यांनी सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत. आई ताट घेऊन कॉटवर बसायची. "आवो, दोन घास खा ना. माझ्यासाठी खा. लय वाळले हो तुम्ही..." तेवढ्यासाठी ते दोन घास खायचे. मग परत भिंत.

त्यात शेडच्या मालकाने जागा रिकामी करून मागितली. त्याला तिथे इमारत बांधायची होती आणि त्याचंही काही चुकत नव्हतं, किती वर्षं सांभाळून घेतलं होतं त्याने. प्रश्न होता आतल्या सामानाचा. प्रकाश पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "वैशू, लाकूड वखारीवाला नेईल. हत्यारांचं काय करणार? घरात जागा नाही, आपल्याला कोणाला वापरता येत नाहीत. भंगारवाल्याला बोलाव, दुसरं काय."

फोन स्पीकरवर होता. कॉटवरून धाडकन आवाज आला. अण्णांनी डाव्या हाताची मूठ कॉटच्या पाटीवर आपटली होती. आणि मग ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं... आजी गेली तेव्हासुद्धा नाही. नंतर तो विषय घरात कोणीच काढला नाही. पण जागा सोडायचा दिवस जवळ येत होता, आणि मला रात्री झोप लागत नव्हती. हत्यारं नेऊन कुठे टाकली असती तर तो माणूस त्याच दिवशी संपला असता. ही माझी खात्री होती.

अशात एका सकाळी दुकानात देवधर काका आले. तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हते. सत्तरीच्या पुढचे, उंच, अंगात हातांनी विणलेला स्वेटर, आणि अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला. रुमाल लाल झाला होता.

"कशाने कापलं?"

"पटाशीने. लाकूड कोरत होतो."

मी जखम धुताना तोंडातून निघून गेलं, "दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे असतात काका. एक हात पुढे ठेवलात ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी सुताराची मुलगी आहे."

पट्टी बांधून झाली तरी ते गेले नाहीत. बाकड्यावर बसून त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. ते मेकॅनिकल इंजिनिअर. एका कंपनीसाठी बरीच वर्षं जपानमध्ये होते. तिथल्या एका लहान गावात मोरी-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव') नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. मोरी-सान देवळं बांधायचे. लाकडात लाकूड अडकवून, एकही खिळा न मारता. सुट्टीच्या दिवशी काका त्यांच्या वर्कशॉपमध्ये नुसतं बघत बसायचे. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, शिकायला कोणी आलं नाही. शेवटी हात थरथरायला लागले तेव्हा त्याने आपली सगळी हत्यारं काकांच्या हवाली केली.

"मी म्हटलं, अहो मी इंजिनिअर, मला यातलं काय येतं? तर म्हणाले, तू बघायला येत होतास ना... तेवढं पुरे."

निवृत्त झाल्यावर काका नाशिकला परत आले ते त्या पेट्या घेऊनच. जपानमधल्या जुन्या ओळखींतून आणखी हत्यारं मिळत गेली. मग गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या आपल्या बंगल्याचा खालचा हॉल त्यांनी मोकळा केला आणि संग्रहालय उघडलं — 'जपानी सुतारकामाची हत्यारं'. एवढीच पाटी. तिकीट नाही. कधी कॉलेजची मुलं येतात, कधी कोणीच येत नाही.

त्या रविवारी मी बघायला गेले.

आत शिरले आणि... काय सांगू. भिंतींवर करवती, फडताळात पटाश्या ओळीने लावलेल्या, तेल लावून पुसलेल्या. काचा नाहीत, कुलपं नाहीत. काका म्हणतात, हत्याराला हात लागला पाहिजे. एका कोपऱ्यात होडीच्या आकाराची लाकडी वस्तू होती. एका टोकाला शाईत भिजवलेला कापूस, दुसऱ्या टोकाला छोटं चाक, त्यावर गुंडाळलेला दोरा. काकांनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "हे इथे दाबून धरा." आणि दोरा ताणून चिमटीत उचलला.

टण्ण.

काळी रेघ होती, लाल नव्हे. पण माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कुठे जपान आणि कुठे पेठ रोड!

मग त्यांनी रंधे दाखवले. जपानी रंध्याला मूठ नसते. ओकच्या लाकडाचा चपटा ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं जाड पातं. "आपण रंधा पुढे ढकलतो. हे लोक आपल्याकडे ओढतात," काका म्हणाले आणि एका नव्या रंध्याने करूनही दाखवलं. मधल्या फडताळात एक जुना रंधा वेगळा ठेवला होता, हाताच्या घामाने काळाभोर झालेला. तो मोरी-सान यांचा स्वतःचा. तो काका चालवत नाहीत. त्याला धारही लावलेली नाही, आणि लहान मुलांचा हात कापू नये म्हणून पातं आत घेऊन ठेवलेलं. मी ठोकळ्याच्या तळावरून बोट फिरवून पाहिलं — सपाट. पात्याची कड बोटाला लागलीच नाही. हे मुद्दाम सांगतेय.

मी घाबरत घाबरत विचारलं, "काका, माझ्या वडिलांची हत्यारं इथे ठेवता येतील? एका बाजूला... थोडी जागा?"

ते म्हणाले, "अहो, याच्यासारखी चांगली गोष्ट कुठली! पण त्यांना विचारा. त्यांना इथे घेऊन या. हत्यारं कुठे राहणार आहेत ते त्यांना बघू दे, आणि हो-नाही त्यांनाच म्हणू दे."

अण्णांना तयार करणं सोपं नव्हतं. मी समजावलं, त्यांनी मान फिरवली. शेवटी आईनेच सांगितलं, "चला, जाऊन तं येऊ. नाय आवडलं तर पेटी वापस आणू. मी हाय ना." अण्णांनी कितीतरी वेळ तिच्याकडे बघितलं आणि मग काठीसाठी हात पुढे केला.

जानेवारीचा महिना होता. नाशिकची ती कोरडी, कडक थंडी आणि वर स्वच्छ ऊन. कारखान्यातून मी त्यांची पेटी उचलून गाडीत ठेवली आणि सोबत सागाची एक फळी. झटका आला त्या दिवशी ती ओट्यावर होती. कोणाच्या तरी दरवाजासाठी अण्णांनी त्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. हाताला ओळखीचं काहीतरी लागावं, एवढाच माझा विचार.

काकांनी दारात येऊन नमस्कार केला. अण्णांनी डावा हात छातीशी नेला. आत आल्यावर काकांनी ती फळी रंधा मारायच्या तिरक्या ओंडक्यावर ठेवली, शेजारी अण्णांना खुर्ची दिली. अण्णा काही बघतच नव्हते. मान खाली. काका हळू आवाजात एकेक हत्यार दाखवत राहिले, अण्णांच्या मांडीवर ठेवत राहिले, आणि उचलत राहिले. मोरी-सान यांचा रंधाही त्यांनी दाखवला आणि तो फळीवरच राहिला. मला वाटलं, चुकलंच आपलं. त्रास दिला उगाच.

"चहा टाकतो," काका म्हणाले. आई त्यांच्या मदतीला स्वयंपाकघरात गेली. मी खिडकी उघडायला गेले, कारण आत गारठा होता आणि बाहेर ऊन. खिडकीची कडी घट्ट बसली होती. मी तिच्याशी झटत होते, पाठ अण्णांकडे.

आणि आवाज आला.

अण्णांच्या रंध्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन — खर्र... खर्र... हा तसा नव्हता. रेशमी साडीची घडी हळूच मोडावी तसा. स्स्सस... एकसलग, न तुटता.

मी वळले.

अण्णा उभे होते. काठी जमिनीवर पडलेली. दोन्ही हात — दोन्ही — त्या काळ्या रंध्यावर होते आणि ते रंधा स्वतःकडे ओढत पाऊल पाऊल मागे सरकत होते. उजव्या हाताची बोटं ठोकळ्यावर घट्ट रोवलेली. मनगटाची शीर फुगलेली मला दिसली. आयुष्यभर ज्या माणसाने रंधा पुढे ढकलला, तो हे असं ओढत होता की जणू दुसरी पद्धत त्याला माहीतच नाही. कंबरेतून मागे झुकून, सावकाश, अजिबात घाई नाही. आणि मध्येच किंचित डावीकडे मान वळवून ऐकल्यासारखं करायचे, होकारार्थी मान हलवायचे. डावीकडे कोणी नव्हतं. रिकामी जागा, खिडकीतून आलेलं ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. खरं सांगू? भीती नाही वाटली. मला वाटलं, मी बोलले तर हे थांबेल.

स्वयंपाकघराच्या दारात आई आली. हातात कपबश्यांचा ट्रे. ती थबकली. मग तिने काय केलं असेल? ट्रे शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली. कारखान्यात गिऱ्हाईक आलेलं असलं की राहायची, अगदी तशी. तिच्यामागे काका. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रंध्याच्या वरच्या फटीतून छिलका बाहेर येत होता. तुटत नव्हता. फिक्कट, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. फळीच्या टोकाशी येऊन अण्णा थांबले. रंधा उचलून आडवा, कुशीवर ठेवला. छिलका दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडासमोर नेला, त्यातून बाहेर बघितलं. मग वळले आणि काठीशिवाय चालत — हो, चालत — काकांपर्यंत आले. आणि तो छिलका त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवला. हलकेच. उपरणं घालतात तसा. त्यावरून एकदा हात फिरवला.

मग परत येऊन खुर्चीत बसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवा हात मांडीवरून घसरला आणि खाली लोंबायला लागला.

काका भिंतीला धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी धावत आधी अण्णांकडे गेले. नाडी, श्वास, डोळे... सगळं ठीक. घामसुद्धा नाही. हात उचलून पाहिला, नेहमीसारखा जड. ते माझ्याकडे बघत होते. कितीतरी आठवड्यांनी, सरळ माझ्याकडे.

"काका, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

काकांनी बाहीने डोळे पुसले. "मोरी-सान असंच करायचे," ते म्हणाले. "रोज काम सुरू करताना पहिला चांगला छिलका निघाला की उजेडात धरून बघायचे आणि मग माझ्या खांद्यावर आणून ठेवायचे. डाव्या खांद्यावर. बोलायचे काही नाहीत. मी हे... वैशाली, मी हे कोणाला कधी सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. काय सांगायचं असतं त्यात?"

त्यांनी खांद्यावरून छिलका काढून नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. "वास घ्या."

सागाचा वास मला कोणी शिकवायला नको. त्याच वासात मी वाढले. हा साग नव्हता. लिंबाच्या सालीसारखा, थोडा कापरासारखा, ताजा ताजा वास.

"हिनोकी," काका म्हणाले. "त्यांची देवळं या लाकडाची असतात. माझ्या घरात हे लाकूड नाही. एक तुकडासुद्धा नाही."

मग आम्ही दोघं फळीपाशी गेलो. सागाची फळी जशीच्या तशी होती. वर कारखान्यातली जुनी धूळ. अण्णांच्या पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा, एक रेघही पुसलेली नाही. त्या फळीवरून रंधा फिरला असता तर पहिल्या त्या खुणा गेल्या असत्या. काकांनी रंधा उचलून उलटा केला, मी बोट फिरवलं. तळ सपाट. पातं होतं तिथेच, आत. आणि त्याला धार नव्हतीच.

मागून आईचा आवाज आला. "वैशे, इकडं ये. ते पेटीकडं हात दाखवत्यात."

मी पेटी उघडून अण्णांसमोर ठेवली. त्यांनी डाव्या हाताने एकेक हत्यार काढायला सुरुवात केली. रंधा. करवत. पटाश्या. काटकोन तपासायचा गुण्या. गेरूचा डबा आणि दोरी. एकेक मला द्यायचे आणि कुठे ठेवायचं ते बोटाने दाखवायचे. जपानी हत्यारांच्या शेजारी, वेगळ्या कोपऱ्यात नाही. मी एक पटाशी जरा तिरकी ठेवली तर त्यांनी मान हलवली. नाही. सरळ ठेव. मी सरळ ठेवली. आई म्हणत होती, "ठेवा, तुमच्या मनानं ठेवा." सगळी हत्यारं लागेपर्यंत चहाचं पार पाणी झालं होतं. तोच गार चहा अण्णांनी अख्खा कप प्यायला आणि खूण करून आणखी मागितला.

आता तुमचे प्रश्न. मला माहीत आहेत, कारण मी तुमच्या जागी असते तर तेच विचारले असते.

व्हिडिओ का नाही काढला? मोबाईल माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स माझ्या खांद्याला. नाही सुचलं. तुमचे वडील असे अचानक उभे राहिले असते, तर तुम्हालाही सुचलं नसतं.

अण्णांच्या मेंदूच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी हात तपासला. ताकद होती तेवढीच, म्हणजे जवळजवळ नाही. ते म्हणाले की भावनेच्या भरात कधी कधी जुन्या सवयीच्या हालचाली क्षणभर परत येतात, अशक्य नाही. मान्य. पण ही जुनी सवय नव्हतीच. अण्णांनी जन्मात कधी रंधा ओढलेला नाही.

प्रकाश म्हणाला, "वैशू, छिलका आधीच त्या रंध्यात अडकलेला असेल. जुना, जपानमधला." मीही हेच आधी म्हटलं असतं. पण मी रंधा आदल्या रविवारी हातात घेऊन पाहिला होता, फट रिकामी होती. आणि मी तो छिलका बाहेर येताना पाहिला आहे. ताजा, ओलसर. प्रकाश पुढच्या शनिवारी मुद्दाम पुण्याहून आला, काकांकडे जाऊन फळी पाहिली, रंधा पाहिला, छिलक्याचा वास घेतला. घरी आल्यावर अण्णांच्या कॉटवर जाऊन बसला आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळत राहिला.

मोरी-सान? काका भारतात परतायच्या आधीच ते वारले होते. अण्णांची आणि त्यांची कधी भेट नाही, एकमेकांचं नावही माहीत असायचं कारण नाही.

अण्णांचा उजवा हात आजही तसाच आहे. चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे स्पष्ट सांगते. पण त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. व्यायामाला स्वतः उठून बसतात. डाव्या हाताने जेवतात. देवधर काका दर आठवड्याला घरी येतात आणि दोघं गॅलरीत बसतात. काका बोलतात, अण्णा ऐकतात, मध्येच हसतात. कधी मी त्यांना संग्रहालयात सोडते. कॉलेजची पोरं आली तर अण्णा खुर्चीत बसून, कोण हत्यार कसं उचलतंय ते बघतात. चुकलं की टेबलावर बोटाने टकटक करतात. पोरं घाबरतात त्यांना!

थोडे शब्दही परत आलेत. 'चहा', 'नको', 'ये', आईचं नाव. ही आईसाठी नवलाईच, कारण आयुष्यभर त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. ती लाजते.

गेल्या महिन्यात, संध्याकाळी, मी त्यांच्या हाताला तेल लावत होते. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. इतके दिवस विचारायचा धीर झाला नव्हता. त्या दिवशी विचारलं.

"अण्णा, त्या दिवशी काकांकडे... तुम्ही कोणाचं ऐकत होता? रंधा कोणी चालवला?"

त्यांनी तेल लावलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, समजलं नाही. मग त्यांनी डावा हात उचलला. आधी स्वतःच्या छातीवर ठेवला. मग डावीकडे, बाजूला, कोणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा हवेत धरला. ओठ जुळवायला वेळ लागला.

"दोघं," ते म्हणाले.

मी आईकडे बघितलं. काहीतरी बोलेल, घाबरेल, देवाला हात जोडेल, असं वाटलं. तिने मेथीची जुडी झटकली आणि म्हणाली, "मंग? एवढं बारीक काम एकट्यानं व्हतं का कधी?"

तुमच्यापैकी कोणाकडे याला चिकटवायला कारण असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचीन. पण आईचं उत्तर अजून कोणाला खोडता आलेलं नाही.